सिनिअर इयरला एका विषयात एफ आला तर: अमेरिकेत नव्याने आलेल्या मराठी पालकांसाठी

जानेवारीच्या अखेरीस हायस्कूलच्या पोर्टलवर पहिल्या सेमिस्टरच्या ग्रेड्स लागतात. त्या सुमारास नव्याने अमेरिकेत आलेल्या आपल्या घरांमधून एक प्रश्न हमखास येतो. मूल बारावीत आहे, कॉलेजांचे अर्ज केव्हाच गेलेत, आणि आता एका विषयात एफ, म्हणजे नापासाची ग्रेड, आलाय. पुढे काय?

आपल्या मनात बारावी म्हणजे बोर्डाची परीक्षा. एक विषय राहिला की सगळंच अडलं, मग पुरवणी परीक्षा, मग वर्ष वाचलं की गेलं याची धाकधूक. इथे तशी एकच मोठी परीक्षा नाही, त्यामुळे घाबरायची जागा वेगळी आणि सावध राहायची जागाही वेगळी. एका एफने चार वर्षांची मेहनत सहसा पाण्यात जात नाही. पण तो एफ कॉलेजपासून लपवला, किंवा ‘बघू पुढे’ म्हणून सोडून दिला, तर हातात आलेली ॲडमिशन जुलै महिन्यात जाऊ शकते. म्हणून खालची कामं त्याच क्रमाने करा, आणि पहिलं काम आजच करा.

आधी इथली पद्धत

हायस्कूल म्हणजे नववी ते बारावी. या चारही वर्षांच्या प्रत्येक विषयाची ग्रेड एका कागदावर येते, तो म्हणजे ट्रान्सक्रिप्ट. ए ला ४, बी ला ३, सी ला २, डी ला १ आणि एफ ला शून्य. त्यांची सरासरी म्हणजे जीपीए. ऑनर्स आणि एपी (कॉलेजच्या पातळीचे) विषयांना बऱ्याच शाळा जादा गुण देतात, त्याला वेटेड जीपीए म्हणतात.

पालकांची पहिली भीती असते ती जीपीए कोसळण्याची. हिशोब करून बघू. एका मुलीच्या अकरावीपर्यंतच्या सहा सेमिस्टर्समध्ये दर वेळी सहा विषय, म्हणजे ३६ ग्रेड्स आहेत आणि सरासरी ३.७५ आहे. बारावीच्या पहिल्या सेमिस्टरला पाच विषयांत ए आणि एकात एफ आला, तर सरासरी ३.६९ होते. त्या एफच्या जागी बी असता तर ३.७६ झाली असती. फरक ०.०७ चा. जीपीए फारसा हलत नाही. अडचण आकड्याची नाही, ट्रान्सक्रिप्टवरच्या त्या एका अक्षराची आहे. ॲडमिशन ऑफिसात फाईल वाचणाऱ्याला प्रश्न पडतो: हा विषय का गेला, आणि त्यानंतर या मुलीने काय केलं? पुढची सगळी धडपड या प्रश्नाचं नीट उत्तर देण्यासाठी आहे.

पहिली पायरी: एफ खरंच लागलाय का, ते पाहा

पोर्टलवर दिसणारी ग्रेड आणि ट्रान्सक्रिप्टवर जाणारी ग्रेड या नेहमी एकच नसतात. सेमिस्टरच्या मध्यावर दिसते ती प्रोग्रेस ग्रेड, ती सहसा कॉलेजला जात नाही. काही शाळांत वर्षभराचा विषय असतो आणि वर्षाच्या शेवटी एकच अंतिम ग्रेड लागते. पहिल्या अर्ध्या भागात नापास झालेलं मूल दुसऱ्या अर्ध्यात सरासरी वर आणू शकतं. काही शाळांत प्रत्येक सेमिस्टरची ग्रेड आणि क्रेडिट (विषय पूर्ण केल्याबद्दल मिळणारं एकक) स्वतंत्र, तिथे एफ कायमचा राहतो. तुमच्या शाळेत यातलं कोणतं चालतं, हे काउन्सेलरला, म्हणजे शाळेच्या सल्लागाराला, विचारा.

नापासाची रेषाही सगळीकडे सारखी नाही. टेक्ससच्या शाळांत ७० च्या खाली नापास, न्यूयॉर्क राज्याच्या रीजंट्स परीक्षेत ६५ ला पास, आणि बऱ्याच शाळांत ६० ची रेषा. दुसऱ्या राज्यातल्या नातेवाइकांचं ऐकून इथला हिशोब मांडू नका.

आणि ही गोष्ट नवीन आलेल्या घरांत सर्वांत जास्त नडते: इथे शेवटच्या परीक्षेवर सगळं अवलंबून नसतं. समजा एका विषयात चाचण्यांना ५० टक्के, गृहपाठाला ३० टक्के आणि शेवटच्या परीक्षेला २० टक्के वजन आहे. मुलाला चाचण्यांत ७५ मिळाले, परीक्षेत ७० मिळाले, म्हणजे विषय त्याला येतो. पण गृहपाठ वेळेवर न दिल्याने तिथे शून्यं साचली आणि त्या भागात फक्त २० टक्के पडले. बेरीज करा: ३७.५ अधिक ६ अधिक १४, म्हणजे ५७.५. एफ. हाच मुलगा महाराष्ट्रात वर्षभर वही न दाखवता शेवटी अभ्यास करून चांगले गुण आणत असेल, तर त्याला आणि तुम्हाला दोघांनाही हे कळत नाही की चूक कुठे झाली. पोर्टलमध्ये ‘मिसिंग’ असा शेरा असलेले गृहपाठ उघडून एकेक मोजा. सेमिस्टर अजून संपलं नसेल तर शिक्षकांना भेटून उशिरा दिलेलं काम किती घेतील ते विचारा. वरच्या उदाहरणात गृहपाठाचा भाग २० वरून ६० वर गेला असता, तर बेरीज ६९.५ झाली असती.

हजेरीही बघा. टेक्ससमध्ये एखाद्या विषयाचं क्रेडिट मिळायला साधारण ९० टक्के दिवस वर्गात असावं लागतं. डिसेंबरात लग्नासाठी किंवा आजी-आजोबांच्या आजारपणासाठी पुण्या-नागपूरला तीन-चार आठवडे जाऊन आलेल्या मुलाचं क्रेडिट, ग्रेड बरी असूनही, अडकू शकतं. अशा वेळी शाळेची हजेरी समिती असते, तिच्यापुढे विमानाची तिकिटं आणि दवाखान्याचे कागद घेऊन जाता येतं. आजारपण किंवा घरातला मृत्यू असं कारण असेल, तर एफऐवजी ‘इनकम्प्लीट’ देऊन काम पूर्ण करायला मुदत मिळते का, हेही ग्रेड पक्की होण्याआधीच विचारायचं असतं.

दुसरी पायरी: डिप्लोमा शाबूत आहे ना?

कॉलेजची ॲडमिशन हायस्कूल पूर्ण होण्याच्या अटीवरच असते. म्हणून कॉलेजचा विचार करण्याआधी पाहायचं की राहिलेल्या विषयाशिवाय डिप्लोमा, म्हणजे हायस्कूल पूर्ण झाल्याचं प्रमाणपत्र, मिळतो का. न्यू जर्सीत किमान १२० क्रेडिट्स लागतात, टेक्ससच्या मूळ योजनेत २२; त्यावर स्थानिक शाळा आपल्या अटी घालतात. पण नुसती बेरीज पुरत नाही, ठरलेले विषयही व्हावे लागतात. इंग्रजीची चार वर्षं बहुतेक ठिकाणी सक्तीची असतात आणि अमेरिकन गव्हर्नमेंट हा विषय बऱ्याच शाळांत नेमका बारावीतच येतो. सिरॅमिक्समधला एफ आणि बारावीच्या इंग्रजीतला एफ यांत म्हणूनच जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिल्यात बहुधा दुसऱ्या विषयाच्या क्रेडिटने भागतं. दुसऱ्यात ग्रॅज्युएशनच्या दिवशी नाव पुकारलं जाणार की नाही, इथपासून प्रश्न.

काउन्सेलरकडून ‘ग्रॅज्युएशन ऑडिट’ छापून मागा. काय झालं, काय राहिलं, सगळं एका पानावर दिसतं. इंग्रजीत बोलणं जड जात असेल तर शाळेकडे दुभाषी मागायचा हक्क पालकांना आहे; मुलालाच दुभाषी करून बसवू नका, विशेषतः त्याच्याच नापास होण्याबद्दल बोलताना.

तिसरी पायरी: कॉलेजने मागितलेला विषय तोच आहे का?

डिप्लोमाला पुरेल ते कॉलेजला पुरेलच असं नाही. याचं सर्वांत स्पष्ट उदाहरण कॅलिफोर्नियाचं. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया म्हणजे यूसी आणि कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटी यांना ‘ए टू जी’ नावाची १५ वर्षभराच्या विषयांची यादी पूर्ण लागते: इतिहास-समाजशास्त्र २ वर्षं, इंग्रजी ४, गणित ३, प्रयोगशाळेसह विज्ञान २, इंग्रजीशिवाय दुसरी भाषा २, कला १, आणि एक ऐच्छिक. सगळ्यांत किमान सी. म्हणजे डी मिळून शाळा ‘पास’ म्हणत असेल, तरी यूसीच्या लेखी तो विषय झालेला नाही. आपल्याकडचे पालक ‘डी आहे ना, सुटला’ म्हणून निश्चिंत होतात, तिथेच घात होतो.

यूसी अर्जाच्या वेळी जीपीए काढते ती दहावी-अकरावीच्या ग्रेड्सवर. बारावीचा एफ त्या आकड्यात येतच नाही. पण बारावीच्या प्रत्येक विषयात किमान सी आणि वर्षाची वेटेड सरासरी ३.० ही ॲडमिशनची नेहमीची अट असते, आणि एफ ती थेट मोडतो.

काही वाटा याच नियमांत आहेत. गणितात आणि भाषेत वरच्या पातळीचा विषय चांगल्या ग्रेडने केला, तर खालच्या पातळीचा राहिलेला विषय भरून निघाला असं यूसी मानते. पहिल्या सेमिस्टरला एफ आणि दुसऱ्याला सी किंवा वर, असं गणितात झालं तर विषयाची गरज भागू शकते. एपी परीक्षेत ३ किंवा अधिक गुण आले तरी त्या विषयाची गरज भागू शकते. वर्गातला एफ मात्र ट्रान्सक्रिप्टवर तसाच राहतो.

भाषेबाबत एक वाट आपल्या मुलांसाठी खास आहे आणि ती फार थोड्यांना ठाऊक असते. मूल मराठी माध्यमाच्या शाळेत सहावी किंवा त्यापुढची किमान दोन वर्षं शिकून इथे आलं असेल, तर त्या शाळेच्या गुणपत्रिका दाखवून यूसीची दुसऱ्या भाषेची अट पूर्ण करता येते. नव्याने आलेलं मूल दहावीपासून स्पॅनिशशी झगडत असेल आणि बारावीत तिथेच एफ आला असेल, तर कोल्हापूर-लातूरच्या शाळेतल्या त्या गुणपत्रिका कपाटातून काढा आणि काउन्सेलरपुढे ठेवा. भाषेची गरज भागली तरी बारावीतला एफ कळवावा लागतोच, पण मग तो ‘अट अपुरी राहिली’ या सदरातून बाहेर पडतो. इतर राज्यांतही भाषेची परीक्षा देऊन क्रेडिट देणाऱ्या शाळा आहेत. अव्हांट कंपनीच्या स्टँप परीक्षांमध्ये मराठी आहे. तुमची शाळा ती धरते का, ते विचारून घ्या.

इंजिनिअरिंगला अर्ज केला असेल आणि एफ कॅल्क्युलस किंवा फिजिक्समध्ये असेल, तर विद्यापीठ ठेवेल पण तो मेजर (पदवीचा मुख्य विषय) ठेवेलच असं नाही. टेक्ससमध्ये वर्गातल्या वरच्या १० टक्क्यांच्या कायद्याने सरकारी विद्यापीठात आपोआप मिळणारी ॲडमिशन हवी असेल, तर २६ क्रेडिट्सची वरची पातळी लागते आणि तिच्यात अल्जिब्रा २ सक्तीचा आहे. शिष्यवृत्तीही तपासा. जॉर्जियाची होप शिष्यवृत्ती ३.० सरासरीवर बेतलेली आहे. जे मूल काठावर आहे त्याची ॲडमिशन राहील आणि पैसे जातील, असं होऊ शकतं.

चौथी पायरी: तुम्ही कॅलेंडरवर कुठे आहात?

एकाच एफचा अर्थ महिन्यागणिक बदलतो.

ऑक्टोबर-नोव्हेंबरात विषय हाताबाहेर जातोय असं दिसलं, तर अजून पर्याय आहेत. एपीतून साध्या वर्गात उतरणं, मुदतीच्या आत विषय सोडणं, किंवा शिकवणी लावणं. पण अर्जात जो विषय लिहिला तो बदलला तर कॉलेजला कळवणं बंधनकारक आहे. यूसीच्या अर्जात तर मुलं ग्रेड्स स्वतः भरतात, शाळेची ट्रान्सक्रिप्ट नंतर जुळवली जाते. तेव्हा ‘त्यांना कुठे कळतंय’ हा विचार मुळातूनच चुकीचा आहे.

डिसेंबरात अर्ली डिसिजनने (एकाच कॉलेजला बांधील राहून लवकर केलेल्या अर्जाने) ॲडमिशन मिळाली आणि जानेवारीत एफ आला, ही परिस्थिती फार मुलांना गाठते, कारण निकाल लागल्यावर अभ्यास सुटतो. कॉमन ॲपमधून, म्हणजे अनेक कॉलेजांच्या सामायिक अर्जातून, शाळेचा काउन्सेलर तीन वेळा कागद पाठवतो: अर्जाबरोबर, वर्षाच्या मध्यावर मिड-इयर रिपोर्ट, आणि शेवटी फायनल रिपोर्ट. मिड-इयर रिपोर्टमध्ये एफ जातोच. अशा वेळी कॉलेजकडून स्पष्टीकरण मागणारं पत्र येऊ शकतं.

रेग्युलर डिसिजनवाल्यांचे, म्हणजे नेहमीच्या मुदतीत अर्ज केलेल्यांचे, निकाल मार्चअखेरीस लागतात. जानेवारीचा एफ म्हणजे निर्णय होण्याआधीच फाईलमध्ये पडलेला एफ. तो निर्णयावर थेट परिणाम करतो, आणि ज्या कॉलेजांत जागा कमी आणि अर्ज भरपूर, तिथे तो जड जातो. मध्यम स्पर्धेच्या सरकारी विद्यापीठात मात्र पुष्कळदा बाकीची फाईल चांगली असेल तर ॲडमिशन टिकते. वेटलिस्टवर असताना एफ आला, तर त्या यादीवर फार आशा ठेवू नका.

१ मेपर्यंत पैसे भरून जागा पक्की केली आणि जूनमध्ये दुसऱ्या सेमिस्टरचा एफ आला, ही सर्वांत अवघड वेळ. हातात वेळ कमी, काउन्सेलर सुट्टीवर, आणि दुसऱ्या कॉलेजांची दारं बंद झालेली. कॉलेज काय करू शकतं याची पातळी साधारण अशी: काहीच नाही, ताकीद, स्पष्टीकरण मागणं, उन्हाळ्यात विषय पूर्ण करायला सांगणं, पहिल्या सेमिस्टरला प्रोबेशनवर (देखरेखीखाली) ठेवणं, जानेवारीपासून यायला सांगणं, शिष्यवृत्ती काढणं, आणि शेवटी ॲडमिशन रद्द. एकाच एफवर थेट शेवटचं टोक गाठलं जाणं हे प्रत्येक वेळी होत नाही, पण यूसीसारख्या ठिकाणी अट लेखी आहे आणि ती पाळली जाते.

पाचवी पायरी: कॉलेजला कळवा, आणि मुलानेच कळवावं

आपल्या घरांत अपयश चार भिंतींत ठेवायची सवय आहे. महाराष्ट्र मंडळात कळू नये, शेजारच्यांना कळू नये, आणि त्याच ओघात कॉलेजलाही कळू नये असं वाटतं. मंडळाला सांगायची काहीच गरज नाही. कॉलेजला सांगायलाच हवं. शेवटची ट्रान्सक्रिप्ट जाणारच आहे. प्रश्न एवढाच की त्यांना आधी तुमच्या मुलाकडून कळतं की जुलैमध्ये कागदावरून.

यूसीला निकालाआधी कळवायचं तर अर्जकेंद्राला, ॲडमिशन मिळाल्यानंतर थेट त्या कॅम्पसच्या ॲडमिशन ऑफिसला. इतर कॉलेजांना त्यांच्या अर्जदार पोर्टलमधून किंवा विभागाच्या ॲडमिशन अधिकाऱ्याला ईमेलने. पाठवण्याआधी काउन्सेलरला दाखवा, कारण कॉलेज बहुधा त्यांनाच फोन करेल आणि दोघांचं म्हणणं जुळायला हवं.

पत्र मुलाने, मुलाच्या ईमेलवरून, अर्ज क्रमांकासह लिहायचं. वडिलांनी लिहिलेलं पत्र ओळखू येतं आणि त्याने नुकसान होतं. लांबी दहा-बारा ओळी. त्यात काय असावं ते मराठीत सांगतो, इंग्रजी मूल लिहील:

‘पहिल्या सेमिस्टरला एपी फिजिक्समध्ये मला एफ मिळाला आहे, तो तुम्हाला शाळेच्या रिपोर्टआधी कळवतो आहे. ऑक्टोबरात आजोबा गेले, आम्ही तीन आठवडे भारतात होतो. परत आल्यावर मागचे प्रयोग-अहवाल मी पूर्ण केले नाहीत आणि शिक्षकांकडे वेळेत मदत मागितली नाही. जानेवारीपासून मी आठवड्यातून दोनदा शाळेनंतर त्यांच्याकडे बसतो. सध्या या विषयात माझी ग्रेड बी आहे. नापास झालेलं सेमिस्टर मी उन्हाळ्यात पुन्हा करणार आहे, नोंदणीचा कागद जोडला आहे. माझ्या ॲडमिशनसाठी आणखी काही हवं असल्यास सांगावं.’

यात घटना आहे, स्वतःची जबाबदारी आहे, आणि दाखवता येईल असं केलेलं काम आहे. शिक्षकांची तक्रार नाही, आणि ‘माझं स्वप्न आहे’ छापाची दोन पानंही नाहीत. कारण खरं तेवढंच लिहा. नैराश्य, एडीएचडी किंवा आजार असेल तर किती सांगायचं हे मुलाने आणि तुम्ही मिळून ठरवा. ‘तब्येतीचं कारण होतं, आता उपचार चालू आहेत’ एवढंही पुरतं, डॉक्टरांची चिठ्ठी जोडता येते. आणि ते कारण खरंच असेल तर कॉलेजच्या पत्राआधी उपचार आणि शाळेकडून ५०४ प्लॅन (अशा मुलाला शाळेने द्यायच्या सवलतींची लेखी योजना), हे महत्त्वाचं. नवीन देशात अकरावी-बारावीत येऊन पडलेल्या मुलाला किती एकटं वाटतं ते आपल्याला लवकर दिसत नाही. एफ ही कधीकधी त्याची पहिली खूण असते. त्या दिवशी घरात आवाज चढवण्याआधी त्याला विचारा, झोप लागते का, जेवायला शाळेत कोणाबरोबर बसतोस.

सहावी पायरी: विषय भरून काढा, पण विचारून

उपाय साधारण तीन: शाळेचं क्रेडिट रिकव्हरी (राहिलेला विषय पुन्हा करून क्रेडिट मिळवणं) किंवा समर स्कूल, मान्यताप्राप्त ऑनलाइन विषय, आणि कम्युनिटी कॉलेज, म्हणजे दोन वर्षांचं स्थानिक कॉलेज. पैसे भरण्याआधी दोन जणांची लेखी संमती घ्या: शाळेची, की हे क्रेडिट डिप्लोमाला धरू, आणि कॉलेजची, की आम्हाला हा विषय चालेल. यूसीसाठी ऑनलाइन विषय ए-टू-जी यादीत असावा लागतो. यूसी स्काउट ही यूसीचीच ऑनलाइन शाळा आहे. कम्युनिटी कॉलेजचा तीन युनिटचा एक सेमिस्टरचा विषय बऱ्याचदा हायस्कूलच्या पूर्ण वर्षाइतका धरला जातो, त्यामुळे उन्हाळ्यात घाईत असलेल्या मुलांना तो सोयीचा पडतो. पण निकालाची तारीख बघा. ऑगस्टच्या मध्यात संपणारा विषय, ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात सुरू होणाऱ्या कॉलेजला उपयोगाचा नाही.

एफ ड्युअल एनरोलमेंटच्या, म्हणजे हायस्कूलमध्ये असताना घेतलेल्या कॉलेजच्या विषयात असेल, तर जास्त जपा. तो एफ कॉलेजच्या ट्रान्सक्रिप्टवर कायमचा बसतो. पुढे मेडिकल कॉलेजचे अर्ज करताना एएमसीएएस ही अर्ज एकत्र घेणारी सेवा हायस्कूलमध्ये घेतलेले कॉलेजचे विषयही मोजते, लॉ स्कूलच्या अर्जातही तसंच. ज्यांचं मूल डॉक्टर व्हायचं म्हणतंय, त्यांनी मुदत असेपर्यंत तो विषय ‘डब्ल्यू’ (विथड्रॉ, मध्येच सोडल्याची नोंद) घेऊन सोडायचा का, याचा विचार करावा. डब्ल्यू दिसतो, पण जीपीएत मोजला जात नाही.

सातवी पायरी: शेवटची ट्रान्सक्रिप्ट पोहोचली की नाही

यूसीची मुदत १ जुलै. २०१७ साली यूसी अर्व्हाइनने उन्हाळ्यात ४९९ विद्यार्थ्यांच्या ॲडमिशन्स रद्द केल्या होत्या. त्यातल्या सुमारे २९० जणांचं कारण ट्रान्सक्रिप्टच्या कागदपत्रांचं होतं, ग्रेडचं नव्हे. बराच गदारोळ झाल्यावर विद्यापीठाने माफी मागितली आणि कागदपत्रांच्या कारणाने काढलेल्यांना परत घेतलं. कमी ग्रेडवाल्यांना मात्र एकेकट्याने अपील करावं लागलं. तेव्हा समर स्कूलचा विषय केला असेल तर त्याची ट्रान्सक्रिप्ट वेगळी पाठवायची असते, हायस्कूलची पाठवली म्हणजे झालं असं नाही. पोर्टलवर ‘मिळाली’ असं दिसेपर्यंत दर आठवड्याला बघा. जुलैत भारतात जात असाल तर मुलाचा कॉलेजचा ईमेल तिकडेही रोज उघडला जाईल अशी व्यवस्था करा. स्पष्टीकरण मागणाऱ्या पत्रांना उत्तराची मुदत थोड्याच दिवसांची असते.

महाराष्ट्रातून अर्ज केलेल्यांसाठी

बोर्डाची बारावी देऊन थेट अमेरिकेत पदवीला येणाऱ्यांचीही अट तीच: बारावी पूर्ण झाल्याचा कागद. एका विषयात नापास झालात तर कॉलेजला लगेच कळवा, पुरवणी परीक्षेची तारीख द्या, आणि ॲडमिशन जानेवारी किंवा पुढच्या वर्षावर ढकलता येते का ते विचारा. व्हिसाच्या मुलाखतीआधी हे झालेलं बरं, कारण आय-२० वरची (विद्यार्थी व्हिसासाठी कॉलेज देतं त्या कागदावरची) सुरुवातीची तारीख बदलली तर नवा आय-२० लागतो.

आणि ॲडमिशन गेलीच तर

पत्रात अपीलाची मुदत दिलेली असते. अपील एकदाच, नवीन माहितीसह: सुधारलेली ग्रेड, डॉक्टरांचे कागद, काउन्सेलरचं पत्र. त्याच दिवशी दुसरी वाटही धरा. ज्या कॉलेजांत जागा शिल्लक आहेत ती उन्हाळ्यातही अर्ज घेतात, काउन्सेलरकडे त्यांची माहिती असते.

आणि कम्युनिटी कॉलेज. आपल्या समाजात त्याबद्दल बोलताना आवाज खाली येतो, ते मला फार खटकतं. तिथे प्रवेश सर्वांना खुला असतो, फी कमी असते, आणि हायस्कूलचा एफ तिथे आड येत नाही. कॅलिफोर्नियात दोन वर्षं नीट केली तर डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सँटा बार्बरा आणि सँटा क्रूझ या सहा यूसी कॅम्पसेसची टॅग नावाची ट्रान्सफर हमी मिळू शकते, मेजरनुसार अटी वेगळ्या. न्यू जर्सीत लॅम्पिट कायद्याने कम्युनिटी कॉलेजची असोसिएट पदवी सरकारी विद्यापीठांत पहिल्या दोन वर्षांच्या जागी धरली जाते. शेवटी मिळणारी पदवी त्या विद्यापीठाचीच असते.

मूल एच-४ वर, म्हणजे पालकांच्या एच-१बी वर अवलंबून असलेल्या व्हिसावर, असेल तर वयाकडे लक्ष ठेवा, कारण २१ पूर्ण होताच ते अवलंबित राहत नाही आणि एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर जावं लागतं, त्याने फीही बदलू शकते. गॅप वर्ष घेण्याआधी ही तारीख वकिलाला दाखवा. कम्युनिटी कॉलेजला नाव घातलंत तर पहिल्याच आठवड्यात ट्रान्सफर काउन्सेलरची वेळ घ्या आणि हायस्कूलची ट्रान्सक्रिप्ट बरोबर न्या, म्हणजे राहिलेला विषय पहिल्या सेमिस्टरलाच यादीत बसवता येईल.